पाठमोरा प्रवास

सिद्धेश्वर धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की दोन पाणी दिसतात. वरच्या अंगाला साचलेलं, पसरलेलं; खालच्या अंगाला दगडांतून वाट काढत निघालेली पूर्णा. हिंगोलीकराला समुद्र म्हणजे फार लांबची गोष्ट वाटते. पण पाण्याला विचारलं तर आपल्या जिल्ह्यातून समुद्राकडे दोन वाटा जातात. पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. कयाधू पैनगंगेत जाते, पैनगंगा वर्धेत, वर्धा प्राणहितेत आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ त्याच गोदावरीत. तिथून सगळं पाणी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात.

या वाटेवरचा एक जुना प्रवासी म्हणजे अहीर. लांबट, सापासारखा, अंगावर गडद ठिपके. बाजारात पुष्कळदा त्याची वामशी गल्लत होते. पण वाम नदीतच जन्मते आणि नदीतच मरते. अहिराचं तसं नाही. तो जन्मतो समुद्रात, तळहातावरच्या पारदर्शक पानासारखा. प्रवाहाबरोबर किनाऱ्याला लागतो, बोटाएवढा झाला की नदी चढतो, वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात वाढतो आणि शेवटी अंडी घालायला पुन्हा समुद्रात उतरतो. नदीत त्याची वीण होतच नाही.

नेमका उलटा संसार आहे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्टीलहेड माशाचा. तो जन्मतो डोंगरातल्या थंड ओढ्यात आणि मोठा होतो प्रशांत महासागरात. गंमत अशी की जन्मभर नदीतच राहणारा रेनबो ट्राउट आणि हा स्टीलहेड एकाच जातीचे. एकाच ओढ्यातली काही पिल्लं घरी राहतात, काही समुद्राची वाट धरतात. जाणाऱ्याचं अंग बदलतं. कडेचे काळपट पट्टे पुसले जाऊन चांदीसारखी चमक येते, आणि आजवर पाण्यातला क्षार शरीरात ओढून घेणारे कल्ले आता तो बाहेर टाकायला शिकतात. मग प्रवाहाकडे तोंड करून राहणारी ही पिल्लं, तोंड तसंच ठेवून, शेपटीकडून खाली वाहत जाऊ लागतात. माहेर सोडणारी मुलगी वळून वळून बघत जावी, तशी.

त्यांच्या मागावर कसं राहायचं? उपग्रहाचा संदेश पाण्याखाली पोहोचत नाही. रेडिओलहरी गोड्या पाण्यात चालतात, खाऱ्यात विरून जातात. कोलंबिया नदीच्या खोऱ्यात १९८० च्या दशकात उत्तर सापडलं ते तांदळाच्या दाण्यासारख्या काचेच्या कुपीत. लांबी सुमारे १२ मिलिमीटर, आत एक चिप, बॅटरी नाहीच. पिल्लाला गुंगी देऊन ती पोटात बसवतात. धरणाच्या बाजूने काढलेल्या वाटेवर तारांची चौकट असते. पिल्लू तिच्यातून गेलं की चौकटीच्याच ऊर्जेवर चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. बॅटरीच नसल्याने मासा जगेल तोवर खूण जगते. समुद्रातून दोन-तीन वर्षांनी तो परत आला, तर तोच क्रमांक पुन्हा उमटतो.

कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीच्या वरच्या अंगाला निघालेल्या पिल्लाला समुद्र गाठेपर्यंत आठ मोठी धरणं ओलांडावी लागतात. कोणत्या भिंतीपाशी किती गळाली, हे या दाण्यांनी दाखवून दिलं. कोलंबियाच्या मुखाजवळच्या ईस्ट सँड बेटावर सुरय पक्ष्यांची वसाहत आहे. वीण आटोपून पक्षी उडून गेले की संशोधक घरट्यांच्या वाळूवरून यंत्र फिरवतात आणि वाळूतून क्रमांक येऊ लागतात: खाल्लेल्या पिल्लांच्या चिपा.

हूड कालव्यावरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कालवा म्हणतात, पण ती वॉशिंग्टन राज्यातली समुद्राची अरुंद खाडी आहे. तिच्यावर १९६१ पासून तरंगता पूल आहे. त्याचे काँक्रीटचे तराफे पाण्यात साडेचार मीटर खोल गेलेले, आणि स्टीलहेडची पिल्लं तर वरच्या थरातूनच पोहतात. त्यांच्या पोटात आवाज करणारी बारीक यंत्रं बसवली, पाण्यात कान लावणारी श्रवणयंत्रं ठेवली. पुलापर्यंत पोहोचलेल्यांपैकी जवळपास निम्मी तिथेच संपतात, असं निघालं. काही यंत्रं तापमानही कळवत होती. थंड पाण्याचा आकडा एकाएकी उबदार रक्ताच्या प्राण्याच्या पोटातला झाला. पुलापाशी अडलेल्या पिल्लांवर सील टपून बसत होते. ज्या पुलावरून रोज गाड्या जात होत्या, तो माशांना भिंत झाला होता, हे मोजल्याशिवाय कुणाला दिसलं नसतं.

आता आपली वाट बघा. सिद्धेश्वरच्या वर येलदरी आहे. खाली नांदेडला विष्णुपुरी, मग बाभळी बंधारा, तेलंगणात श्रीरामसागर, येल्लमपल्ली, मेडिगड्डा, आंध्रात पोलावरमचं काम, आणि शेवटी आर्थर कॉटनने १८५२ मध्ये पुरा केलेला धवलेश्वरमचा बंधारा, ज्याच्या जागी आता बॅरेज आहे. अंडी घालायला समुद्रातून गोदावरीत शिरणारा पाला मासा, आंध्रातली प्रसिद्ध पुलस, त्याच भिंतीपाशी थबकतो. गंगेत १९७५ च्या फरक्का बॅरेजने तेच केलं. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने फरक्क्याच्या वर पाला सोडून, काहींना खुणा लावून, तो कुठवर जातो याची नोंद सुरू केली आहे.

आपल्या राज्यात असं काम समुद्रकासवांवर झालं. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवलं गेलं. कासव श्वासासाठी वर येतं, म्हणून तिथे उपग्रह चालतो. आणि २०२१ मध्ये ओडिशात साधी धातूची पट्टी लावलेली ०३२३३ क्रमांकाची मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगळी, ही समजूत एका पट्टीने हलवली.

पुन्हा स्टीलहेडकडे वळू. वॉशिंग्टन राज्यातल्याच एल्वा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ दरम्यान पाडली. त्यांच्या वरच्या अंगाला जवळपास शंभर वर्षं अडकून ट्राउट होऊन राहिलेल्यांच्या वंशातून पुन्हा समुद्राला जाणारे स्टीलहेड निघाले. अहिराला ही सवलत नाही. भिंतीच्या वर अडकलेला म्हातारा होईल, पण मागे पिल्लू ठेवणार नाही.

आपली धरणं पाडा असं मी म्हणत नाही. सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरच्या इसापूर धरणाच्या पाण्यावर इथली शेतं उभी आहेत. आज त्या जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं जातं, त्यावर भोई कुटुंबांचं पोट चालतं. पण ज्यांनी येलदरी भरायच्या आधीची पूर्णा पाहिली, ते हात आता थकले आहेत. चिप आणि चौकट यायची तेव्हा येईल. त्याआधी वही घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला हवं. कोणत्या डोहात अहीर लागायचा, किती लांबीचा, पुराच्या आधी की नंतर, गळाला की जाळ्यात. आणि शेवटचा कोणत्या साली.