पाटीवर ७०, काट्यावर ९०

मुंबई-गोवा महामार्गाने गावी निघालेल्या आपल्या घरांत एक संवाद ठरलेला असतो. मागून अम्मी म्हणतात, "बेटा, जरा हळू." पुढून उत्तर येते, "हळूच तर चालवतोय!" काटा मात्र नव्वदवर असतो.

मुलगा खोटे बोलत नसतो. कडेची झाडे, कुंपणे, घरे जवळून झपाट्याने मागे गेली की वेग जाणवतो. चौपदरी काँक्रीटवर झाडे तुटलेली, कडा दूर गेलेल्या. तिथे नव्वदही संथ वाटतात. अर्धा तास असे चालवल्यावर नजरेला सवय होते. मग गाव आले म्हणून गाडी साठवर आणली, तर ती रांगतेय असे वाटते.

आमच्या मते या रस्त्याची खरी भीती इथेच आहे. पूर्वीचा १७ आणि आताचा ६६ क्रमांकाचा हा महामार्ग तुकड्यातुकड्यांनी रुंद झाला. पोलादपूरहून खेडकडे जाताना कशेडीची वळणे भल्याभल्यांना ताळ्यावर आणत. आता तिथे सुमारे २ किलोमीटरचा बोगदा आहे. सोय मोठीच झाली, पण वळणांचे काम आता चालकाने स्वतः करायचे आहे.

कायद्याने मोटारीला दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर ताशी १०० आणि इतर रस्त्यांवर ७० किलोमीटरची कमाल मर्यादा २०१८ मध्ये ठरली. पाटीवर याहून कमी आकडा असेल तर तो पाळायचा. प्रत्यक्षात आपण पाटीपेक्षा पुढच्या गाडीकडे पाहतो. मागच्या ट्रकने हॉर्न दिला की वेग वाढवतो. गाडीत दोस्त असले तर आणखी वाढतो, मांडीवर बाळ घेतलेली बहीण असली तर कमी होतो. (बाळाला खरे तर त्याच्या वेगळ्या सीटवर बसवायला हवे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

आणि घाई! वलीमा, नाहीतर इफ्तार. हिशेब करून पाहा : २० किलोमीटर ताशी ८० ने १५ मिनिटांत होतात, १०० ने १२ मिनिटांत. वाचली ३ मिनिटे. उलट ६० ऐवजी १०० ने जाताना ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जवळपास तिप्पट अंतर लागते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. सरकारी नोंदीनुसार त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतले.

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या दादीचाही विचार करा. उतारवयात रस्ता ओलांडताना माणूस गाडी किती लांब आहे ते पाहतो. ती किती वेगात येतेय याचा अंदाज त्याला नीट येत नाही. गाडी लांब दिसली की ती पाऊल टाकते.

रमजानमध्ये सायंकाळी निघायचेच असेल, तर खजूर आणि पाण्याची बाटली डिकीत नको, हाताशी ठेवा. अजानची वेळ झाली की गाडी पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर आत घ्या आणि तिथेच रोजा सोडा. घरचे पंधरा मिनिटे वाट पाहतील.