हात न उचलता

मराठी शाळेतल्या मुलाचं अक्षर वरच्या रेघेला लटकतं. पहिलीपासून हाताला तेच वळण असतं. तिसरीत कर्सिव्ह सुरू होतं तेव्हा त्याच्यापुढे इंग्रजीची चार रेघी वही असते, कडेच्या दोन रेघा लाल, मधल्या दोन निळ्या, आणि अक्षर खालच्या निळ्या रेघेवर बसवायचं असतं. सुटी अक्षरं काढताना हे कसंबसं जमून गेलेलं असतं. जोडून लिहायला लागलं की जुनी सवय वर येते. 'ए', 'सी', 'ओ' वरच्या निळ्या रेघेला चिकटतात आणि खाली फट राहते. अशा पानावर मी फुली मारत नाही. त्या हाताला एक लिपी नीट येते, म्हणूनच तो असं लिहितो.

मराठी शाळांत इंग्रजी 2000 सालापासून पहिलीला आलं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. पाचवीतला हात पेन्सिलीला सरावलेला असतो. सात-आठ वर्षांच्या मुलाची बोटं अजून तयार होत असतात, त्यांना वेळ द्यावा लागतो. बाजारातल्या कित्त्यांना एवढा धीर नसतो. 'ए'पासून 'झेड'पर्यंत ओळीनं, आणि त्यातही आधी मोठी अक्षरं, मग लहान. मला हा क्रम मान्य नाही. मोठ्या अक्षरांची वळणं सर्वांत अवघड, आणि त्यांतली कित्येक पुढच्या अक्षराला जोडलीही जात नाहीत. मी ती दिवाळीनंतर घेते. तोवर वाक्याच्या सुरुवातीला सुटं मोठं अक्षर चालतं.

माझा क्रम हाताच्या हालचालीवरून ठरतो. देवनागरीत हात बहुतेक वरून खाली येतो. काना ओढायचा तो वरूनच. कर्सिव्हमध्ये अक्षर खालच्या रेघेवरून निघतं आणि पहिली रेघ तिरपी वर चढते. ही चढती रेघ हाताला नवी असते. म्हणून सुरुवातीला अक्षर काढायचंच नाही. पाटीवर नुसत्या चढत्या रेघा, मग लाटा, मग वेढे. हवेत बोटानं गिरवताना मी मुलांकडे पाठ करते. तोंड करून उभं राहिलं तर माझी उजवीकडे जाणारी रेघ त्यांना डावीकडे जाताना दिसते. मग 'आय', 'यू', 'टी'. मग घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरणारी 'सी', 'ए', 'डी', 'जी', 'ओ'. त्यानंतर उंच वेढ्याची 'एल', 'एच', 'के', 'बी'. 'एफ' अगदी शेवटी, कारण ते वरच्या लाल रेघेपासून खालच्या लाल रेघेपर्यंत तिन्ही घरं व्यापतं. 'आय'वरचा ठिपका आणि 'टी'ची आडवी रेघ शब्द पुरा झाल्यावर द्यायची, हे मात्र मुलं चटकन उचलतात. शब्द लिहून झाला की शिरोरेषा ओढायची, ही मराठीतली सवय इथे कामी येते.

खरं काम अक्षरांच्या मधल्या जागेत आहे. बहुतेक अक्षरं खालच्या रेघेवर संपतात आणि तिथूनच पुढचं निघतं. 'ओ', 'बी', 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वर संपतात, आणि त्यांच्यापुढचं अक्षर वरूनच धरावं लागतं. 'डब्ल्यू'पुढे 'ई' लिहायचा असेल, तर मूल सवयीनं रेघ खाली आणतं, पुन्हा वर चढतं, आणि मध्ये एक जादा खड्डा पडतो. दुसरं एखादं मूल हात उचलतं, 'ई' वेगळा काढतं आणि राहिलेली फट हळूच रेघ ओढून बुजवतं. पान दुरून छान दिसतं. या दुसऱ्या मुलाकडे मी जास्त लक्ष देते, कारण लिहून झालेल्या शब्दावरून त्याची अडचण कळत नाही. पेन्सिल चालताना पाहावी लागते. म्हणून या तासाला मी टेबलापाशी वह्या गोळा करत नाही, बाकांमधून फिरते. अशा जोड्या फळ्यावरच्या आखलेल्या रेघांवर एका वेळी एकच घेतो, आणि ती बोटांत मुरेपर्यंत दुसरीला हात लावत नाही.

"बाई, मधेच हात उचलला तर चूक का?" हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. लांब शब्दात हात पुढे सरकवायला क्षणभर उचलला तर काही बिघडत नाही. प्रत्येक अक्षरानंतर उचलला, तर जोडून लिहिण्याचा उपयोगच संपतो.

फिरताना मी पान उलटून मागच्या बाजूनं बोट फिरवते. अक्षरं बोटाला टोचली, तर मूल पेन्सिल दाबून धरतंय. ते थोड्याच वेळात मनगट झटकायला लागतं. बऱ्याचदा कारण साधं असतं: पेन्सिल बोटभरही उरलेली नसते. नवी, लांब पेन्सिल दिली की पकड आपोआप सैल होते. डावखुऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याला मी बाकाच्या डाव्या टोकाला बसवते, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नाही. इतरांच्या वहीचं वरचं टोक डावीकडे कललेलं, त्याचं उजवीकडे. हात ओळीच्या खाली ठेवला की लिहिलेलं पुसलं जात नाही. त्याला उजव्या हातानं लिहायला लावा असं घरून सांगतात, तेव्हा मी ठाम नकार देते.

दहा ओळींचा गृहपाठही मी देत नाही. पहिल्या दोन-तीन ओळी मूल नमुन्याकडे पाहून लिहितं. पुढे ते आपल्याच वरच्या ओळीवरून उतरवतं, आणि चूक ओळीगणिक वाढत जाते. तीन ओळी पुरतात.

पालकसभेत विचारतात, आता सगळं टाइप होतं, मग हे कशाला? कॅलिफोर्निया तर संगणकाचं माहेरघर. तिथेच 2023 साली कायदा झाला आणि पहिली ते सहावीला कर्सिव्ह पुन्हा शिकवायचं ठरलं. पण मला जवळचं उदाहरण जास्त पटतं. मोडी ही धावती लिपीच होती. ओळभर शिरोरेषा आधी ओढायची आणि तिच्याखाली बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं पळवायची. दप्तरांचे ढीग याच वेगानं लिहिले गेले. मोडीतल्या जुन्या कागदाचं छायाचित्र मी वर्गात लावते. अक्षरं रेघेला लटकलेली आणि तरी एकमेकांत गुंतलेली पाहून मुलं बोटानं त्यांचा माग काढत बसतात. जोडून लिहिणं परक्यांकडून आलेलं नाही, हे त्यांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

शुक्रवारी वह्यांची अदलाबदल असते. शेजाऱ्यानं लिहिलेले पाच शब्द मोठ्यानं वाचायचे. 'ए'चा गोल वर मिटला नसेल तर वाचणारा 'यू' म्हणतो. 'ई'चा वेढा दबला असेल तर 'आय' म्हणतो. 'सी' आणि 'एल' फार जवळ आले तर 'डी' म्हणतो. जिथे अडखळला तिथे लिहिणाऱ्यानं खूण करायची आणि तेवढाच जोड पुन्हा लिहायचा. कुणाच्या 'के'चं पोट जरा वेगळं फिरतं, कुणाचा 'वाय' लांब शेपटीचा असतो. वाचणारा अडला नाही तर मी त्याला हात लावत नाही.