रिपोर्टवर सही कुणाची?

घरोघरी कपाटात एक प्लास्टिकची फाईल असते. सासूबाईंची शुगर, सासऱ्यांचं क्रिएटिनिन, मुलीचं हिमोग्लोबिन, आपलं थायरॉइड, सगळे कागद त्यात. डॉक्टरांकडे जाताना ही फाईल बगलेत धरून निघते ती बहुतेक वेळा घरातली बाईच. जाड टाइपातला आकडा दिसला की आपल्या पोटात गोळा येतो. पण मैत्रिणींनो, त्या कागदावर खाली सही कुणाची आहे, हे आपल्यापैकी किती जणी बघतात?

सातपूर-अंबड भागातल्या बचत गटांबरोबर आमचं मंडळ आरोग्याचं काम करतं. दोन वर्षांपूर्वी गटातल्या एका बाईच्या सुनेला सातवा महिना लागला होता. जिना चढताना धाप लागायची, चेहरा पांढराफटक. घराजवळच्या एका लॅबचा रिपोर्ट मात्र सांगत होता, हिमोग्लोबिन ११.६. गरोदरपणी ११ च्या वर म्हणजे ठीक. मग घरात बोलणं सुरू झालं, ‘रिपोर्ट तर चांगलाय की, हिलाच कामाचा कंटाळा.’ तीन आठवडे असेच गेले. शेवटी आशाताईंनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि तडक सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे आकडा आला ६.८! सातच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. मध्ये कुठे रक्तस्राव झाला नव्हता, आजारपण नव्हतं. रक्त चढवावं लागलं. बाळ-बाळंतीण आज सुखरूप आहेत, पण ते आशाताईंच्या अनुभवी नजरेमुळे, त्या कागदामुळे नव्हे.

आम्ही चौघीजणी त्या लॅबमध्ये गेलो. जिन्याखालची खोली, एक फ्रिज, एक यंत्र आणि एक विशीतला मुलगा. रिपोर्टच्या कोऱ्या कागदांवर डॉक्टरांची सही आधीच छापलेली. ‘सर कधी येतात?’ तर म्हणे, ‘आठवड्यातून एखादे वेळी.’

वडापावची गाडी लावायची तरी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. मग रक्त तपासणाऱ्याचं काय? म्हणून मी माहिती काढत गेले. केंद्र सरकारने २०१० साली क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला. त्यात लॅबचीही नोंदणी आणि किमान दर्जा ठरवण्याची सोय होती. पण महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. आपल्याकडचा कायदा १९४९ चा, आणि तो नर्सिंग होमसाठी. कोपऱ्यावरची स्वतंत्र लॅब त्यात बसत नाही. वेगळा कायदा करा, ही मागणी विधिमंडळात कितीदा तरी झाली.

सहीबद्दल मात्र सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी गुजरातमधल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की रिपोर्टवर पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. तंत्रज्ञांच्या संघटनांना हे पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, वर्षानुवर्षं आम्हीच तपासण्या करतो, आमच्या पोटावर पाय का? त्यांच्या कामाबद्दल मला आदरच आहे. आपल्या म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्याच्या अभ्यासक्रमांतून रीतसर शिकलेले तंत्रज्ञ तयार होतात. त्यांच्या नोंदणीसाठी राज्यात परावैद्यक परिषदेचा कायदा झाला, २०२१ मध्ये केंद्राचाही आला. पण रक्त तपासणं वेगळं आणि त्या आकड्याचा अर्थ लावून जबाबदारी घेणं वेगळं. शिवाय कोऱ्या कागदावर सही देऊन ठेवणारे डॉक्टर त्या मुलापेक्षा जास्त दोषी नाहीत का?

दर्जाची दुसरी खूण म्हणजे एनएबीएल. ही मान्यता आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मिळते. पण ती ऐच्छिक आहे, आणि सरसकट लॅबला नसते, एकेका तपासणीसाठी असते. म्हणजे शुगरसाठी मान्यता आहे, म्हणून हार्मोनसाठीही असेलच असं नाही. पाटीवरचं चिन्ह बघून भुलू नका.

चांगली लॅब करते तरी काय? ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना रोज यंत्रात घालून बघते. उत्तर चुकलं, तर त्या दिवशी पेशंटचे रिपोर्ट अडवून ठेवते. अधूनमधून बाहेरच्या संस्थेकडून आलेले नमुने तपासून आपली परीक्षा देते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची अशी योजना देशभर चालते. आणि ती नळ्याही सांभाळते. शुगरचं रक्त राखाडी झाकणाच्या नळीत घेतात, कारण साध्या नळीत रक्तातल्या पेशीच साखर खात बसतात आणि आकडा खोटाच कमी येतो. आपल्या उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीतून तासभर फिरलेल्या रक्ताचं काय होत असेल, विचार करा.

हे दुखणं फक्त आपलंच नाही. अमेरिकेत १९८७ साली वृत्तपत्रांतून उघड झालं, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीच्या पॅप तपासणीच्या काचा काही ठिकाणी नगावर पैसे घेऊन घाईघाईने बघितल्या जात. ‘नॉर्मल’ असा रिपोर्ट हाती घेऊन बायका दगावल्या. त्यावर ओरड झाली आणि १९८८ मध्ये तिथे लॅबसाठी कडक कायदा आला. एका तंत्रज्ञाने चोवीस तासांत जास्तीत जास्त १०० काचा बघायच्या, असंही ठरलं. बायकांचे जीव गेल्यावरच तिथे जाग आली. आपण तेवढी वाट बघायची का?

आमच्या गटांत आता आम्ही चार प्रश्न पाठ करून घेतले आहेत. रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टचं नाव, पदवी आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का? डॉक्टर लॅबमध्ये भेटतात का? रक्त इथेच तपासणार की बाहेर पाठवणार? आणि बिल देणार ना? बिल मागायला लाजू नका. तक्रार ग्राहक आयोगाकडे न्यायची झाली, तर तोच पुरावा. सहीबद्दल शंका असेल, तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. तब्येत एक सांगते आणि आकडा दुसरंच, असं झालं तर डॉक्टरांना विचारून तपासणी दुसरीकडे पुन्हा करून घ्या. परवडत नसेल, तर सरकारी दवाखाना आहेच. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या मोफत केल्या आहेत.

भाजी घेताना आपण भेंडीचं टोक मोडून बघतो, दुधाची पिशवी घेताना तारीख वाचतो. सुनेच्या, लेकीच्या रक्ताचा रिपोर्ट हातात घेताना एवढी चौकशी केली, तर समोरच्याला राग येईल कदाचित. येऊ दे.