उच्चक्षमता इंजिनातील व्हॉल्व्हप्रणाली : टिकाऊ सुट्या भागांची निवड

बीजशब्द : व्हॉल्व्ह, स्प्रिंग, कॅमशाफ्ट, टॅपेट, झीज, सुसंगती

प्रस्तावना :

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत किर्लोस्करचे एक सिलिंडरचे डिझेल इंजिन बहुधा आढळतेच. अशाच इंजिनांनी विदर्भातील विहिरींवरचे पंप दीर्घकाळ चालविले. यांपैकी ए.व्ही.-1 या इंजिनाचा व्यास 80 मि.मी., स्ट्रोक 110 मि.मी. आणि वेग मिनिटाला 1500 फेरे. पुण्याजवळच्या चाकण येथे 2013 पासून तयार होऊ लागलेल्या केटीएम 390 मोटारसायकलचे 373 घनसेंटिमीटरचे इंजिन याहून लहान आहे. परंतु त्याची कमाल शक्ती मिनिटाला 9000 फेऱ्यांच्या आसपास मिळते. फोर-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून पंपाच्या इंजिनातील व्हॉल्व्ह सेकंदाला साडेबारा वेळा उघडतो, तर दुसऱ्यातील 75 वेळा. वेग सहापट झाला. परंतु कॅमचा आकार तोच ठेवल्यास व्हॉल्व्हला द्यावे लागणारे त्वरण छत्तीसपट होते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

विद्यार्थ्यांचे संघ स्पर्धेसाठी इंजिन बांधू लागले, की कोणते भाग घ्यावेत हा प्रश्न मार्गदर्शक प्राध्यापकांपुढे येतो. बाजारात जे अधिक महाग, अधिक कठीण किंवा अधिक ताकदीचे म्हणून विकले जाते ते अधिक टिकाऊ, असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. व्हॉल्व्हप्रणालीतील टिकाऊपणा हा सुट्या भागाचा गुण नसून एकमेकांवर घासणाऱ्या व आदळणाऱ्या जोडीचा गुण आहे.

स्प्रिंग आणि वस्तुमान :

व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅम करतो; बंद होताना मात्र त्याला कॅमच्या पृष्ठभागाशी लागून ठेवण्याची जबाबदारी स्प्रिंगची असते. वेग वाढला आणि स्प्रिंग अपुरी पडली, की टॅपेट कॅमपासून सुटतो. गॅरेजच्या भाषेत व्हॉल्व्ह ‘तरंगतो’. त्यानंतर तो सीटवर नियंत्रणाविना आदळतो, उसळतो, आणि पिस्टन वर येत असताना उघडाच राहिला तर वाकतो. त्याचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडल्यास पिस्टन, हेड आणि कित्येकदा संपूर्ण इंजिन निकामी होते.

यावर सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे जाड तारेची स्प्रिंग. ती आवश्यकतेपेक्षा अधिक ताठ घेतली, तर तोच अतिरिक्त दाब कॅमच्या नाकावर, टॅपेटवर आणि सीटवर प्रत्येक फेऱ्यात पडत राहतो. व्हॉल्व्ह वाचतो आणि कॅम झिजतो. मिनिटाला 7000 ऐवजी 8000 फेरे हवे असल्यास वेग केवळ 14 टक्के वाढतो, परंतु स्प्रिंगला सुमारे 31 टक्के अधिक बल द्यावे लागते. म्हणून स्प्रिंग निवडण्यापूर्वी इंजिन खरोखर किती वेगाने चालवायचे आहे ते निश्चित केले पाहिजे. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांत पेट्रोल इंजिनाला हवा 20 मि.मी. व्यासाच्या अरुंद मार्गातूनच घ्यावी लागते. या मार्गातून सामान्य वातावरणीय दाबाखाली सेकंदाला सुमारे 75 ग्रॅमहून अधिक हवा जाऊच शकत नाही. सहाशे घनसेंटिमीटरचे इंजिन ही मर्यादा मिनिटाला सुमारे 12 हजार फेऱ्यांवर गाठते. त्यापुढच्या वेगासाठी निवडलेली स्प्रिंग शक्ती वाढवीत नाही, केवळ घर्षण वाढवते.

वस्तुमान कमी करणे हा दुसरा मार्ग, आणि बहुतेक वेळा तोच अधिक श्रेयस्कर. व्हॉल्व्हच्या बाजूचे हलते वस्तुमान दहा टक्क्यांनी घटविले, तर त्याच स्प्रिंगवर सुमारे पाच टक्के अधिक वेग मिळतो. परंतु वस्तुमान कोठून कमी करावे, याचे उत्तर सर्वत्र सारखे नाही. व्हॉल्व्हवर बसणारा रिटेनर आणि कॉटर यांचे वजन पूर्णपणे हिशेबात येते, तर स्प्रिंगचे साधारण एक तृतीयांश. याउलट पुशरॉडच्या इंजिनात रॉकरचे गुणोत्तर 1.5 असेल, तर पुशरॉडचा एक ग्रॅम व्हॉल्व्हपाशी 0.44 ग्रॅमइतकाच ठरतो. पुशरॉड हलका करण्याच्या हौसेने तो बारीक घेतला, की तो दाबाखाली लवतो, स्वतःच स्प्रिंगसारखा वागू लागतो आणि कॅमने ठरविलेली हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. येथे थोडा जड, परंतु ताठ पुशरॉडच योग्य.

स्प्रिंग पूर्ण दाबली जाते तेव्हा तिचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत, हे वेगळे सांगावयास नको. तरीही अधिक उंचीचा कॅम बसविताना हीच मोजणी सर्वाधिक वेळा राहून जाते.

कॅम आणि त्याचा जोडीदार :

सोलापूर हे नाव चादरींशी जोडले गेले आहे. तेथेच 1992 मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशीविदेशी मोटार उत्पादकांना कॅमशाफ्ट पुरविते, हे तुलनेने कमी लोकांस ठाऊक असते. तिच्या उत्पादनांतील प्रमुख प्रकार ‘चिल्ड’ ओतीव लोखंडाचा आहे. या पद्धतीत साच्यामध्ये कॅमच्या उंचवट्याजवळ धातूचे तुकडे ठेवतात. वितळलेले लोखंड त्यांना लागून झपाट्याने थंड होते, त्यातील कार्बनला ग्रॅफाइट बनण्यास अवधी मिळत नाही आणि पृष्ठभागावर कठीण लोहकार्बाइड तयार होते. आतील भाग सावकाश थंड झाल्याने तुलनेने मऊ राहतो व त्यावर यंत्रकाम करता येते.

असा कॅम सपाट टॅपेटबरोबर उत्तम टिकतो. परंतु त्यावर रोलर टॅपेट बसविला, तर संपर्काचे क्षेत्र अतिशय अरुंद होऊन स्थानिक दाब वाढतो आणि ठिसूळ कार्बाइडला खड्डे पडू शकतात. भारी स्प्रिंग असलेल्या रोलरसाठी कठीण केलेल्या पोलादाचा कॅम लागतो. केटीएमच्या उपरोक्त इंजिनात बोटाच्या आकाराच्या फॉलोअरवर हिऱ्यासदृश कार्बनचा लेप दिलेला असतो. तो लेप खरवडला गेलेला फॉलोअर नव्या कॅमबरोबर वापरणे म्हणजे नवा कॅमही गमावणे होय. जुन्या कॅमबरोबर नवे सपाट टॅपेट चालतात. नव्या कॅमबरोबर जुने टॅपेट मात्र कधीही वापरू नयेत.

तेलाचाही येथे विचार करावा लागतो. झीज रोखणारे जस्त-फॉस्फरसयुक्त रसायन आधुनिक तेलांत कमी केलेले असते, कारण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधक ठरतो. जुन्या धाटणीच्या सपाट टॅपेट इंजिनाला ही बचत मानवत नाही.

व्हॉल्व्ह, सीट आणि उष्णता :

सेवन-व्हॉल्व्हला आत येणारी ताजी हवा थंड करीत असते. त्यास सिलिकॉन-क्रोमियमयुक्त पोलाद पुरते. निष्कास-व्हॉल्व्हसाठी क्रोमियम, मँगेनीज, निकेल व नायट्रोजन असलेले 21-4एन हे ऑस्टेनिटिक पोलाद प्रचलित आहे. त्याची दांडी मात्र उष्णतोपचाराने कठीण करता येत नाही. म्हणून अनेकदा वेगळ्या पोलादाची दांडी घर्षण-जोडणीने लावतात. टिटॅनियमची घनता पोलादाच्या जवळजवळ साठ टक्केच असल्याने त्याचे आकर्षण मोठे आहे. परंतु लेपाशिवाय त्याचा पृष्ठभाग लवकर झिजतो, दांडीच्या टोकाला कठीण टोपी लागते आणि सीटही तांब्याच्या योग्य मिश्रधातूची घ्यावी लागते. नेहमीच्या कठीण सीटवर टिटॅनियमचा व्हॉल्व्ह बसविणे हा पैशांचा अपव्ययच.

व्हॉल्व्हच्या डोक्यातील उष्णतेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सीटमधून हेडमध्ये जातो. सीटची पट्टी फार अरुंद केली तर हवा चांगली वाहते, पण व्हॉल्व्ह जळतो. जुने इंजिन नव्याने बांधताना आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले. तोपर्यंत शिशाचा थर सीटला संरक्षण देत असे. त्या काळातील हेडच्याच ओतीव लोखंडात कोरलेल्या सीट वेगवान वापरात खोल जातात, म्हणून तेथे कठीण सीट वेगळ्या बसविणे इष्ट.

गाईडचेही तसेच. काश्याच्या गाईडला ओतीव लोखंडाच्या गाईडइतकीच फट ठेवल्यास ती उष्णतेने अधिक प्रसरण पावून दांडीला पकडू शकते. धुळीच्या प्रदेशात हवेच्या फिल्टरची जोडणी सैल राहिली, तर याच फटीत बारीक माती शिरते. नांदुऱ्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 वरील गॅरेजांत याचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

टॅपेटची फट वाढली तर खडखड ऐकू येते आणि लक्ष जाते. ती कमी होत गेली तर इंजिन उलट शांत वाटते, आणि फट संपली की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता बाहेर जात नाही. म्हणून नव्याने बांधलेल्या इंजिनात पहिल्या काही तासांनंतर थंड अवस्थेत प्रत्येक व्हॉल्व्हची फट मोजून नोंदवहीत लिहावी. एकाच निष्कास-व्हॉल्व्हची फट इतरांहून वेगाने घटत असल्यास शिम बदलण्याआधी हेड उतरवून ती सीट पाहावी.