शेवटच्या पानानंतर

मराठी घरात सुट्टीची दुपार आणि रहस्यकथा यांचं नातं जुनं आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड घरोघरी पोचले. पुढं सुहास शिरवळकरांचे फिरोझ इराणी, अमर विश्वास आले. आमच्या सोलापुरात गिरणीची पाळी संपवून आलेला कामगारही वाचनालयातलं पुस्तक उशाशी ठेवून झोपायचा. पहिल्या प्रकरणात प्रेत सापडायचं, शेवटच्या प्रकरणात खुनी. मधल्या पानांवर आपण निवांत चहा प्यायचो.

मग १९७६ साल उजाडलं आणि खून वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला. पुण्यात ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीतल्या जोशी कुटुंबातले तिघं मारले गेले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, नात, नातू आणि घरकाम करणाऱ्या बाई असे पाच जण. दिवेलागणीलाच पुण्याची दारं बंद होऊ लागली. पुण्याला मुलं शिकायला ठेवलेल्या सोलापूरच्या आयांचा डोळा लागेना. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. झुंजार कधी येणार, असं खरोखरच वाटायचं.

झुंजार आला नाही. मार्च १९७७ मध्ये आणखी एका तरुणाचा खून झाला आणि त्याच्या तपासातून धागे उलगडले. खुनी निघाले अभिनव कला महाविद्यालयातले चार विद्यार्थी: राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह. त्यांचा पहिला बळी जानेवारी १९७६ मधला, त्यांचाच वर्गमित्र. एकूण खून दहा. रहस्यकथेत खुन्याच्या कपाळावर निदान एखादा व्रण असतो. इथं चित्रकलेचे विद्यार्थी होते आणि कारण होतं पैसा. त्यांच्या ओळखीचाच एक जण माफीचा साक्षीदार झाला.

कादंबरी असती, तर इथं संपली असती. खरा खटला इथून सुरू झाला. सत्र न्यायालयानं सप्टेंबर १९७८ मध्ये फाशी सुनावली. एप्रिल १९७९ मध्ये उच्च न्यायालयानं ती कायम केली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात अपील फेटाळलं गेलं. येरवड्यात फाशी झाली ती नोव्हेंबर १९८३ मध्ये. झुंजार दीडशे पानांत उरकतो त्या कामाला इथं अटकेनंतरही साडेसहा वर्षं लागली. तेवढी वर्षं मागं राहिलेल्या माणसांनी काय केलं असेल, हे कुठल्याच रहस्यकथेनं मला सांगितलं नव्हतं.

त्याचं थोडं उत्तर बँकेत मिळालं. मयत खातेदारांचे दावे माझ्या टेबलावर येत. एकदा खून झालेल्या एका माणसाचा दावा आला. खुनी सापडला होता, शिक्षाही झाली होती. समोर बसलेल्या त्याच्या पत्नीनं अर्ज भरता भरता विचारलं, ‘‘साहेब, ह्यांच्या नावाच्या आधी कैलासवासी घालू का नको?’’ ‘‘घाला,’’ मी म्हणालो. अर्जाला त्याची काही गरज नव्हती. बाईंनी मात्र ते अक्षर सावकाश, नीट काढलं.

त्यानंतर लिहिलेल्या कादंबरीत मी खुनी तिसऱ्याच प्रकरणात पकडून दिला आणि उरलेली पानं घरच्यांना दिली. ‘‘यात रहस्य कुठंय?’’ असं विचारणारी पत्रं आली. तक्रार खोटी नव्हती.

या खटल्याला आपण ‘जोशी-अभ्यंकर’ म्हणतो. तरी जुन्या माणसांच्या तोंडी नाव येतं ते जक्कलचंच. मुनव्वर शाहचं आत्मकथन आलं, १९८६ मध्ये ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट आला. अभ्यंकरांच्या घरी काम करणाऱ्या बाईंवर कुणी पुस्तक लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. स्वतः काशिनाथशास्त्र्यांचा संस्कृत व्याकरणाचा कोश मात्र १९६१ मध्ये बडोद्याहून निघाला होता. अभ्यासक तो आजही उघडतात. तिथं शास्त्रीबुवा कुणाचे बळी नसतात, शब्दांचे अर्थ सांगणारे विद्वान असतात.

रहस्यकथा जरूर वाचा, मीही वाचतो. फक्त शेवटचं पान मिटलं की क्षणभर थांबा. पहिल्या प्रकरणात जो मेला, त्याचं नाव आठवतंय का, एवढं बघा.