बंद खोलीतला नळ उघडताना

आपल्या वस्त्यांतील कितीतरी भगिनी आणि तरुण मुले हॉटेलात, हॉस्पिटलात हाऊसकीपिंगला जातात. आठ-दहा दिवस बंद असलेली खोली उघडायची, शॉवर सोडून बाथरूम धुवायचे, हे त्यांचे रोजचेच काम. त्या शॉवरच्या पाण्याविषयी थोडे समजून घेऊ.

मोठ्या इमारतीत बहुधा खोलीखोलीत गिझर नसतो. गरम पाण्याची एकच मोठी टाकी असते आणि तिथून उभे पाइप, म्हणजे राइझर, मजल्यामजल्याला पाणी नेतात. पाइपात पाणी थांबले की निवते, म्हणून पंप लावून ते सतत टाकीकडे परत फिरवतात. पण पाणी सोपी वाट धरते. प्रत्येक राइझरचा व्हॉल्व्ह नीट लावलेला नसला, की टाकीजवळचा पाइप कढत राहतो आणि टोकाचा कोमट. बंद खोलीकडे जाणाऱ्या तुकड्यात तर पाणी साचूनच राहते.

साधारण २५ ते ४५ अंशांचे असे कोमट पाणी लिजिओनेला नावाच्या जंतूंना मानवते. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. त्यातून उद्भवलेल्या न्यूमोनियाने ३४ माणसे दगावली. तेव्हा संशय एसीच्या पाण्यावर गेला. पुढे गरम पाण्याच्या पाइपांतही हेच जंतू सापडले. हे पाणी पिण्यापेक्षा त्याचे बारीक तुषार श्वासात जाणे जास्त घातक.

टाकीत ६० अंश राखले तर हे जंतू टिकत नाहीत. मात्र तेवढे गरम पाणी ५ सेकंदांत कातडी भाजते. म्हणून नळाजवळ थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह हवा. वीज वाचवायला टाकीच कोमट ठेवणे ही भलती काटकसर!

बंद खोलीत शॉवरचे तोंड बादलीत धरा किंवा त्यावर कापड गुंडाळा, पाणी हळू सोडा आणि काही मिनिटे बाहेर थांबा. हात भाजलाच तर २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, तूप काही लावू नका.

ताप, खोकला, धाप एकदम आली, तर दुकानातून गोळ्या आणून दिवस काढू नका. पन्नाशीपुढच्यांनी, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी विशेष जपावे. या न्यूमोनियावर पेनिसिलिनसारखी औषधे चालत नाहीत, म्हणून आपण कुठे आणि काय काम करतो, हे डॉक्टरांना आधी सांगा.