माझ्या लॅपटॉपची विरार फास्ट!

लॅपटॉप रडतखडत चालतोय? ‘एसएसडी टाक, उडायला लागेल,’ असं ऑफिसात कुणीही सांगेल. खरंय, उडतो! पण एसएसडी टाकली आणि स्क्रीन काळीच राहिली तर? फुलपाड्यातल्या आमच्या घरी दोन वीकेण्ड चाललेल्या ‘ऑपरेशन’ची ही गोष्ट आणि त्यातून शिकलेले काही फंडे.

सकाळी लॅपटॉपचं बटण दाबायचं, गॅसवर चहाचं आधण ठेवायचं, चहा गाळून परत यायचं, तरी स्क्रीनवरचं ते चक्र आपलं गरगरतंच आहे. वर्क फ्रॉम होमच्या दिवशी माझी सकाळ अशीच सुरू व्हायची. २०१८ साली घेतलेला लॅपटॉप. त्याचं बाकी सगळं उत्तम, फक्त स्पीड बघाल तर थेट बैलगाडी. मीटिंगमध्ये ‘जस्ट अ मिनिट, फाइल ओपन होतेय’ हे वाक्य इतक्यांदा म्हटलं, की टीममध्ये तेच माझं टोपणनाव पडायचं बाकी होतं.

खरा गुन्हेगार होता आतली हार्ड डिस्क. लॅपटॉपमधल्या साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते आणि तिच्यावर एक बारीक काटा माहिती शोधत पळत असतो. जुन्या ग्रामोफोनचीच भावंडं म्हणा ना! एसएसडीत असं फिरणारं काहीच नाही. सगळी माहिती चिपमध्ये. ‘नॅण्ड फ्लॅश’ नावाची ही चिप तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांच्या टीमने १९८७ मध्ये जगापुढे आणली. २००६ मध्ये सॅमसंगने ३२ जीबीची एसएसडी असलेला लॅपटॉप काढला, तेव्हा ती चैन होती. आज ती नसेल, तर लॅपटॉप म्हाताराच म्हणायचा.

मग काय, एका शनिवारी ग्रँट रोडला उतरले आणि थेट लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं, तरी कॉम्प्युटरवाल्यांसाठी तो लॅमिंग्टन रोडच. दुकानदाराला ऐटीत सांगितलं, ‘सगळ्यात फास्टवाली द्या.’

इथेच पहिली माती खाल्ली.

बसली, पण दिसेना

लॅपटॉप उघडला. कोणता स्क्रू कुठला ते कळावं, म्हणून आईच्या इडलीपात्राच्या खळग्यांत एकेक स्क्रू मांडून ठेवला. (आईचे उद्गार इथे देत नाही.) च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी ‘एम डॉट टू’ स्लॉटमध्ये अगदी टचकन बसली. झाकण लावलं, बटण दाबलं. लॅपटॉप सुरू झाला, पण नवी डिस्क कुठे दिसेचना! बायोसमध्येही नाव नाही.

दोन तास काढ-घाल केल्यावर ट्यूब पेटली. एम डॉट टू हा फक्त आकार आहे, भाषा नाही. त्याच आकाराच्या काही एसएसडी ‘साटा’ भाषा बोलतात, तर काही ‘एनव्हीएमई’. माझ्या लॅपटॉपच्या स्लॉटला साटाच कळत होती आणि मी आणली होती एनव्हीएमई. मराठी शाळेतल्या बाकावर फ्रेंच पोरगी बसवल्यासारखं झालं. बाक बरोबर, संवाद शून्य.

वेगात फरक किती? साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, साटा एसएसडी ५५०च्या आसपास आणि एनव्हीएमई ३५०० किंवा त्याहूनही जास्त. आकडे बघून डोळे फिरतात. पण एक्सेल, ईमेल आणि ब्राउझरच्या चाळीस टॅब एवढाच तुमचा संसार असेल, तर हार्ड डिस्क सोडून साटावर आलात तरी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पुढच्या शनिवारी गुपचूप जाऊन मी अडीच इंची साटा एसएसडी बदलून आणली. ती जुन्या हार्ड डिस्कच्याच जागी बसते, त्यामुळे स्लॉटचा प्रश्नच मिटला.

लाइट गेली!

आता क्लोनिंग. म्हणजे जुन्या डिस्कची विंडोजसकट हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर करायची. नवी एसएसडी यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडली, सॉफ्टवेअर सुरू केलं. बाहेर पाऊस, पापडखिंडीच्या बाजूचा डोंगर ढगात गडप. वातावरण एकदम रोमॅण्टिक. काम साठ टक्क्यांवर आलं आणि लाइट गेली. माझ्या बॅटरीने पाच मिनिटं दम धरला आणि मग तिनेही राम म्हटला.

नशीब, क्लोनिंगमध्ये जुनी डिस्क फक्त वाचली जाते, त्यामुळे तिला काही झालं नाही. लाइट आल्यावर दुसरा प्रयत्न. या वेळी मी जास्तच शहाणपणा केला. यादीत १०० एमबीचा एक चिमुकला भाग दिसत होता. ‘हा काय कचरा?’ म्हणत त्याची टिक काढली आणि फक्त सी ड्राइव्ह निवडला. काम झटपट झालं. हार्ड डिस्क काढली, एसएसडी बसवली, बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं: ‘नो बूटेबल डिव्हाइस’.

तो चिमुकला भागच लॅपटॉपला सांगतो, की विंडोज कुठे आहे आणि सुरू कसं करायचं. सामान सगळं नव्या घरात नेलं, पण किल्ली जुन्या घरातच राहिली!

‘ताई, बॅकअप कुठेय?’

रविवार रात्रीचे साडेदहा. सोमवारी सकाळी प्रेझेण्टेशन. वैतागून ठरवलं, क्लोनिंग गेलं खड्ड्यात, विंडोज नव्यानेच टाकू. ऑफिसातल्या एकाने विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवून दिला होताच. तो लावला. फाइल्स नंतर घ्यायच्या म्हणून जुनी हार्ड डिस्क केबलने जोडलेलीच होती. स्क्रीनवर दोन डिस्क आल्या, ‘ड्राइव्ह ०’ आणि ‘ड्राइव्ह १’. शून्य म्हणजे आतली, म्हणजे नवीच, असं गृहीत धरून मी ‘डिलीट’वर कर्सर नेला.

तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरचा, कॉम्प्युटर डिप्लोमा करणारा मुलगा. मीच त्याला मघाशी मेसेज केला होता. त्याने स्क्रीन बघितली आणि एकच प्रश्न विचारला, ‘ताई, बॅकअप कुठेय?’

बॅकअप नव्हता.

त्या हार्ड डिस्कवर बाबांचा एक व्हिडिओ आहे. ते गेले त्याच्या आदल्या वर्षीच्या गणपतीतला, चाळीस मिनिटांचा. आरती, मग जेवणं आणि मग बाबा सगळ्यांना नाशिकची तीच गोष्ट पुन्हा एकदा सांगताहेत. दुसरी कॉपी कुठेच नाही. ‘कधीतरी करू’ या यादीत तीन वर्षं पडून होती.

‘नंबर नका बघू, साइज बघा,’ तो म्हणाला. ड्राइव्ह ०समोर लिहिलं होतं ९३१ जीबी. म्हणजे माझी १ टीबीची जुनी डिस्क! नवी ५०० जीबीची, ती ४६५ दाखवत होती. (कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने, म्हणून आकडा कमी दिसतो.) नंबर कुठला कुणाला मिळेल याची खात्री नसते. मी गृहीत धरलं, ते उलटं निघालं. आणखी एक-दोन क्लिक आणि बाबांची गोष्ट गेली असती.

मी हात मागे घेतला तो बराच वेळ थरथरत होता.

वरच्या मजल्यावरची नाइट शिफ्ट

पुढचं काम त्यांच्या हॉलमध्ये झालं, कारण त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे. आधी माझी हार्ड डिस्क त्याच्या लॅपटॉपला जोडून सगळे फोटो, व्हिडिओ, डॉक्युमेण्ट्स त्याच्या एक्स्टर्नल डिस्कवर घेतले. बाबांचा व्हिडिओ उघडून, मधेमधे चालवून बघितला. मग हार्ड डिस्क परत लॅपटॉपमध्ये, एसएसडी केबलवर आणि या वेळी अख्ख्या डिस्कचा क्लोन, सगळ्या टिकांसकट. जुनी डिस्क मोठी असली, तरी वापरलेली जागा नव्या डिस्कमध्ये मावत असेल, तर क्लोन होतो. काकूंनी दोनदा चहा दिला. पहाटे अडीचला काम फत्ते.

डिस्क बदलून बटण दाबलं. वीसेक सेकंदांत विंडोज हजर! सकाळी आधण उकळायच्या आत माझं प्रेझेण्टेशन उघडलेलं होतं.

स्पीडचं कौतुक आहेच, पण खरं सांगू? जुना लॅपटॉप हळू होता, तेव्हा मला राग यायचा, भीती नाही वाटली. भीती वाटली ती घाईत. आपण बदलत असतो डिस्क, पण पणाला लागलेला असतो तो तिच्यावरचा ऐवज. म्हणून नवी डिस्क कितीही छान चालू दे, जुनी निदान महिनाभर तशीच कपाटात ठेवा. माझी अजून आहे. बाबांच्या व्हिडिओच्या मात्र आता तीन कॉप्या आहेत. त्यातली एक काकूंच्या घरी.

---

एसएसडी रुसली? आधी हे बघा!

● खरेदीआधी: लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल नाव शोधून स्लॉट साटाचा की एनव्हीएमईचा, ते बघा. लांबीही बघा. ‘२२८०’ म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब.

● स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी: बॅकअप घ्या आणि तो उघडून बघा. बिटलॉकर चालू असेल (अनेक नव्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू असतं), तर रिकव्हरी की लिहून ठेवा. चार्जर काढा, आतल्या बॅटरीची पिन सोडवा.

● बायोसमध्येच दिसत नाही: नीट बसली आहे का? भाषा जुळते का? दुसऱ्या लॅपटॉपवर दिसते का?

● बायोसमध्ये दिसते, विंडोजमध्ये नाही: घाबरू नका, ती कोरी आहे. ‘डिस्क मॅनेजमेण्ट’मध्ये जाऊन ‘इनिशिअलाइज’ करा, ‘जीपीटी’ निवडा.

● विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही: इंटेलच्या ११व्या जनरेशनपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर असं होतं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्या आणि ‘लोड ड्रायव्हर’ करा.

● क्लोन मधेच अडतो: जुनी डिस्क आजारी असू शकते. तिला दामटू नका. आधी फाइल्स बाहेर काढा, मग नव्या एसएसडीवर विंडोज नव्याने टाका. त्या वेळी जुनी डिस्क जोडलेली नको!

● आणि हे विसरू नका: हार्ड डिस्क मरताना अनेकदा खटखट करून सांगते. एसएसडी गुपचूप जाऊ शकते आणि तिच्यावरून डिलीट झालेलं परत मिळणं कठीण. म्हणजे एसएसडी आली, की बॅकअपची गरज कमी होत नाही, वाढते.